तिसरा चंदनी हार

स्वरूपा नऊ वर्षं नोकरीला होती आणि एकही दिवस कामावर गेली नव्हती. कधी उशीर नाही, कधी रजेचा अर्ज नाही. साहेबांशी भांडण व्हायचं, पण ते भाकरी कडक झाली म्हणून. साहेब आणि नवरा एकच माणूस असल्यामुळे त्याची तक्रार कुठं करायची हे तिला कुणी सांगितलेलं नव्हतं.

नवऱ्याचं नाव अविराज. घर इंदापूर तालुक्यात कळसला, दुकान बारामतीत मार्केट यार्डाच्या जवळ. खतं, बियाणं, पिकांवरची औषधं. दुकान त्याच्या वडिलांनी, तात्यांनी, टाकलेलं. तात्यांच्या उमेदीत अनुभवावर भागायचं. पुढं नियम निघाला की औषधं विकायची तर दुकानात शेतीची नाहीतर रसायनाची पदवी असलेलं माणूस पाहिजे. अविराज इतिहासाचा बी.ए. कोणती लढाई कुठं हरली ते त्याला पाठ होतं, पण तेवढ्यावर तणनाशक विकता येत नव्हतं.

आजूबाजूच्या दुकानदारांनी यावर सोपा उपाय काढला. शिकलेल्या कुणाची तरी पदवी वर्षाच्या भाड्यानं घ्यायची आणि भिंतीवर लावायची. पदवी दुकानात, पदवीवाला पुण्यात परीक्षांचे फॉर्म भरत बसलेला. तात्या जुन्या वळणाचे होते, त्यांना भाडं पटेना. दरवर्षी पैसे घालवण्यापेक्षा एकदाच कायमची घरात आणावी असं त्यांनी ठरवलं आणि अविराजच्या स्थळाच्या कागदावर ‘मुलगी बी.एस्सी. ॲग्री’ अशी अट टाकली.

स्वरूपा माळेगाव बुद्रुकची. वडील साखर कारखान्याच्या काट्यावर. ती तेव्हा बारामतीत माती तपासायच्या एका प्रयोगशाळेत कामाला होती. पगार बेताचा, पण स्कूटीत पेट्रोल स्वतःच्या पैशानं टाकायची, आणि संध्याकाळी नखांत अडकलेली माती कुठल्या गावची हे तिला माहीत असायचं. बघायला आलेल्या तात्यांनी पोरीपेक्षा मार्कशीट जास्त वेळ पाहिली. पोहे गार झाले. शेवटी त्यांनी एकच प्रश्न विचारला, सर्टिफिकेट मूळ प्रत आहे ना. ही माणसं शिक्षणाची कदर करणारी आहेत असं स्वरूपाला वाटलं. तिचं आयुष्य साधारणपणे या एका गैरसमजावर उभं आहे.

लग्न झालं, सर्टिफिकेट बारामतीला गेलं आणि ती कळसला आली. दोघांची पुन्हा गाठ पडायला नऊ वर्षं लागली.

पगाराची कल्पना नंतर आली. नवऱ्याच्या धंद्यातून बायकोला पगार दाखवला की नवऱ्याचं उत्पन्न तेवढं कमी दिसतं आणि कर वाचतो. सरकार अगदीच भोळं नाही, असा पगार ते पुन्हा नवऱ्याच्याच उत्पन्नात टाकतं. पण बायको त्या विषयात शिकलेली असेल आणि पगार त्याच शिक्षणाच्या कामाचा असेल, तर तो तिचा. अविराजला वाक्याचा पहिला अर्धा भाग आवडला आणि दुसरा त्यानं ऐकला नाही. तेव्हापासून स्वरूपाच्या खात्यावर दर महिन्याला पगार जमा व्हायचा. त्याचा मेसेज अविराजच्या मोबाईलवर यायचा आणि एटीएमचं कार्ड अविराजच्या पाकिटात राहायचं. तिच्या नावचं रिटर्नही भरलं जायचं. सही तिची असायची. कशावर सही करायची तेवढी जागा अविराज बोटानं दाखवायचा.

छकुली झाली तेव्हाही पगार थांबला नाही. भरपगारी बाळंतपणाची रजा, तीही न मागता. सरकारी मास्तरणी सोडल्या तर तालुक्यात इतकं सुख कुणाच्या वाट्याला येत नव्हतं. अडचण एवढीच की ज्या कामावरून रजा घेतली ते काम तिनं कधी पाहिलं नव्हतं, आणि जिथं रजा भोगायची त्या घरात सुट्टी नव्हती.

मी दुकानात येऊ का, असं तिनं विचारून पाहिलं होतं. पहिल्यांदा तात्यांचं आजारपण होतं. मग तात्या गेले. मग दिवस राहिले. मग छकुलीचं दूध. मग छकुली अंगणवाडीत जायला लागली, आणि अंगणवाडी दुपारी सुटते व दुकान रात्री बंद होतं. या मधल्या वेळात पोरीचं काय करायचं याचा विचार सरकारनं केलेला नव्हता आणि अविराजनं तर नव्हताच. एका पावसाळ्यानंतर स्वरूपानं विचारणं सोडलं. विचारणं सोडलं की घरात किती शांतता होते, ऊस तुटून गेलेल्या रानासारखी. वारा असतो, पण त्याला हलवायला काही उरत नाही.

या शांततेत पहिला दगड टाकला सासूनं.

कौसल्याबाईंना बायकांच्या योजनेतले सरकारी पंधराशे दरमहा मिळायचे. आयुष्यात स्वतःच्या नावावर आलेला हा पहिला पैसा. त्यातून त्या मिश्री आणायच्या, छकुलीला क्लिपा घ्यायच्या आणि गल्लीतल्या दोघीतिघींना उसने देऊन वर चार शब्द सुनवायच्या. एका महिन्यात पैसे आले नाहीत. पुढच्या महिन्यातही नाहीत. कुणी म्हणालं घरात चारचाकी आहे म्हणून, कुणी म्हणालं रेशनकार्डाचं काहीतरी, कुणी म्हणालं अंगठा जुळत नसेल. कौसल्याबाईंनी यातलं एकही कारण घेतलं नाही. घरात एक पगारदार बाई आहे हे त्यांना माहीत होतं. पंधराशे तिनंच खाल्ले.

एका सकाळी अंगण सारवून शेणाचा हात न धुता त्या सुनेसमोर उभ्या राहिल्या.

“तुज्या पगारानं माजं पंधराशे गिळलं. आता त्यो पगार तरी बघू दे मला, कसा दिसतुया.”

“मलाच कधी दिसला नाही, आई,” स्वरूपा म्हणाली. “मेसेज त्यांच्या फोनवर येतो.”

चाळीस वर्षं कौसल्याबाईंनी धारा काढल्या होत्या आणि डेअरीतलं खातं तात्यांच्या नावावर होतं. म्हशी मेल्या, तात्या मेले, खातं मात्र परवापरवापर्यंत जिवंत होतं.

“म्हंजे तुज्यात न् माज्यात फरक काय गं? मी अडाणी, येवढाच?”

त्यानंतर त्यांनी हात धुतला आणि तो विषय बंद केला. पण तो त्यांच्या डोक्यात बंद झाला नव्हता हे पुढं कळलं.

दिवाळीनंतर आयकर खात्याची विचारणा आली. पत्नीला दिलेला पगार कोणत्या कामाचा, ती नेमकं काय करते, खुलासा करावा. अविराजची करसल्लागार दीप्ती म्हणून होती. वयानं तरुण, आवाज थंड. तिनं फोन केला तेव्हा अविराज जेवत होता, म्हणून त्यानं स्पीकर लावला. त्यामुळे जे घडलं ते सगळ्या घरानं ऐकलं.

स्वरूपाताई दुकानात काय काम करतात, असं दीप्तीनं विचारलं. अविराज म्हणाला, सल्ला देते.

“कुणाला?”

घास गिळायला त्याला जरा वेळ लागला. “मला,” तो म्हणाला.

चुलीजवळ बसलेली स्वरूपा तव्यावरच्या भाकरीकडे पाहत राहिली. तू काय काम करतेस, हा प्रश्न तिच्याबद्दल नऊ वर्षांत पहिल्यांदा कुणाला तरी पडला होता. तो माहेरच्यांना पडला नव्हता, नवऱ्याला नाही, हळदीकुंकवाला येणाऱ्या बायकांनाही नाही. पडला तो आयकर खात्याला, आणि तोही त्यांचं नुकसान होत होतं म्हणून.

दीप्तीनं मग सरळ सांगितलं, जे झालं नाही ते मी लिहिणार नाही. मागचा पगार तुमच्याच उत्पन्नात धरून त्यावरचा कर व्याजासकट भरून टाका. पुढं त्यांचा पगार दाखवायचा असेल तर त्या दुकानात दिसल्या पाहिजेत. शेतकऱ्यांनी त्यांना पाहिलं पाहिजे.

अविराजनं पैसे भरले. आठवडाभर तो आजारी म्हशीसारखा बसून होता. मग त्याच्या डोक्यात आलं की पगार पुढं चालू ठेवायचा तर स्वरूपाला आठेक दिवस दुकानात बसवू. चार माणसं बघतील, झालं. मग पुन्हा होतं तसं.

“आठ दिवस,” तो तिला म्हणाला. “नुसतं बसायचं. काही विचारलं तर माझ्याकडं पाठवायचं.”

छकुलीचं काय, हा प्रश्न आला. कौसल्याबाई म्हणाल्या, मी सांभाळते. इतक्या पटकन म्हणाल्या की अविराजला बरं वाटायच्या ऐवजी भीती वाटली.

दुकानात स्वरूपा लग्नानंतर पूजेला दोनदा आली होती, तीही शटर अर्धं वर आणि आत अंधार असताना. आता तिनं नीट पाहिलं. काउंटरच्या मागं भिंतीवर तीन फ्रेमा होत्या. पहिली अविराजच्या आजोबांची. दुसरी तात्यांची. तिसरीत तिचं सर्टिफिकेट, आणि कोपऱ्यात परवान्यासाठी काढलेला तिचा फोटो मोठा करून लावलेला, केस चापून बसवलेले, चेहरा गंभीर. तिन्ही फ्रेमांना चंदनाच्या ढलप्यांचे हार होते, सारख्या लांबीचे, मध्ये सोनेरी गोंडा.

तिनं नवऱ्याकडं पाहिलं. तो म्हणाला की तात्यांना आणि आजोबांना म्हणून आणले होते, पण दोनावर एक फुकट होता. वाया कशाला घालवायचा. शिवाय सर्टिफिकेटमुळं दुकान चालतं, तर त्याचा मान राखला.

पोती उचलणारा रामहरी तात्यांच्या काळापासून तिथं होता. तो एकदम हिशोबानं पाठमोरा झाला आणि युरियाची थप्पी उगीचच सरळ करू लागला.

दुपारी आप्पासाहेब आले. लांबच्या शिवारातले जुने ऊसवाले, तात्यांच्या वेळेपासूनचं गिऱ्हाईक. अविराज मागं गोडाऊनमध्ये होता. काउंटरवर बाई बघून ते अडखळले. स्वरूपानं म्हटलं, या, काय पाहिजे. आप्पासाहेबांनी तिच्याकडं पाहिलं, मग भिंतीकडं, मग पुन्हा तिच्याकडं. डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली.

“बाई,” ते हळूच म्हणाले, “तुमी गेला न्हवता व्हय?”

“कुठं?”

आप्पासाहेबांनी हनुवटीनं फ्रेमकडं दाखवलं. “वर.”

रामहरीच्या हातातलं पोतं खाली पडलं. आप्पासाहेब दुसऱ्या पोत्यावर टेकले, पाणी मागितलं आणि पाणी पिता पिता त्यांनी सगळं सांगितलं. तीन-चार वर्षं झाली हार बघून. पहिल्या दिवशी तर डोळ्यांत पाणी आलं होतं, एवढी तरणी पोर. तेव्हापासून या दुकानात त्यांनी भावाची घासाघीस केली नव्हती. बायको गेलेल्या माणसाशी दोन-चार रुपयांसाठी काय हुज्जत घालायची? त्यांनीच नाही, त्यांच्या शिवारात कुणीच नाही.

“मला वाटलं, ल्हान पोर हाय, मानूस एकला पडला. माजी एक भाची हाय मोडनिंबला. नवऱ्याचं पटलं न्हाय, माघारी आल्याली. लई गुनाची. दोनदा बोललो मी ह्यान्ला.”

“मग ते काय म्हणाले?” स्वरूपानं विचारलं.

“म्हनलं, बघू.”

अविराज गोडाऊनच्या दारात उभा होता. तो कधी आला कुणी पाहिलं नव्हतं. त्यानं कॅल्क्युलेटर उचलला आणि काहीतरी हिशोब करू लागला. कॅल्क्युलेटर बंद होता.

मग आप्पासाहेबांनी, जिवंत आहातच तर, अशा सुरात एक पिवळं पडलेलं उसाचं पान खिशातून काढून तिच्यापुढं ठेवलं. हे कशानं होतंय?

स्वरूपानं पान हातात घेतलं. उलटं केलं. उन्हाकडं धरलं. तिला आठवेना. कॉलेजात हे होतं, वर्गातली कुठली बाजू, फळ्यावर कुठल्या रंगाचा खडू, सगळं आठवत होतं. उत्तर तेवढं नव्हतं. शिकलेलं नऊ वर्षं फ्रेमेत बंद ठेवलं तर त्याचं जे व्हायचं ते झालं होतं. सर्टिफिकेट कोरं करकरीत होतं आणि ती गंजली होती.

“मला आत्ता सांगता येणार नाही, आप्पा,” ती म्हणाली. “रानातली थोडी माती आणा. तोवर काही विकत घेऊ नका.”

दुकान उघडल्यापासून त्या काउंटरवर ‘सांगता येणार नाही’ हे कुणी म्हटलेलं नव्हतं. तात्या तर माणूस दारात दिसला की औषध सांगायचे. अविराजला खोकला आला. आप्पासाहेब रिकाम्या हातांनी गेले.

संध्याकाळी दोघं गाडीतून कळसला निघाले. उजनीच्या पाण्याच्या बाजूनं गार वारा येत होता. ती म्हणाली, सांगितलं का नाही त्यांना?

अविराज म्हणाला, आधी सांगत होतो. पहिले दोघं-चौघं हळहळायला आले तेव्हा सांगितलं होतं की जिवंत आहे. तर ते म्हणायचे, मग बोलवा की बाईंना, पान दाखवायचंय.

“जिवंत आहे म्हटलं की तुला बोलवावं लागायचं,” तो म्हणाला.

तो हे दुष्टपणानं म्हणाला नाही. रस्त्यातला खड्डा चुकवत, गिअर बदलत म्हणाला. आणि म्हणूनच ते तिच्या आत कुठंतरी खोल जाऊन बसलं. नऊ वर्षांत त्यानं तिला मारलं नव्हतं, शिवी दिली नव्हती, उपाशी ठेवलं नव्हतं. फक्त बोलवायचा कंटाळा केला होता.

“आणि घासाघीस थांबली,” ती म्हणाली.

“ती पण,” तो म्हणाला.

घरी आल्यावर तिनं माळ्यावर चढून पापडाच्या डब्यामागून जुन्या वह्या काढल्या. निम्म्या उंदरांनी अभ्यासल्या होत्या. उरलेल्या घेऊन ती बसली, आणि छकुली शेजारी बसून त्यांतल्या मुळांच्या चित्रांना डोळे काढू लागली.

दोन दिवसांनी आप्पासाहेब माती घेऊन आले, बरोबर तीन माणसं. पुढं रोजच कुणी ना कुणी यायचं. निम्मे पिकाचं विचारायला, निम्मे ती खरंच आहे का ते बघायला. एक म्हातारा नुसताच आला, बसला, तिनं दिलेला चहा ती स्वतःही पिते का हे पाहून गेला. येत होतं ते ती सांगायची, येत नव्हतं ते प्रयोगशाळेतल्या जुन्या मैत्रिणीला फोनवर विचारून सांगायची. एकदा चुकली, आणि दुसऱ्या दिवशी त्या माणसाला बोलावून चुकले म्हणाली. भावात मात्र आता जो तो हुज्जत घालू लागला. विधुराचा भाव संपला होता.

आठ दिवस संपले. नवव्या दिवशी सकाळी अविराजनं गाडी बाहेर काढली तर स्वरूपा डबा घेऊन उभी.

“आता कशाला?” तो म्हणाला. “पाहिलं की सगळ्यांनी. दीप्तीमॅडमचं झालं काम.”

“अहो, मी घरी बसले तर तुम्हाला परत विधुर व्हावं लागेल,” ती म्हणाली. “आणि आता लोक भिंतीवरचा तो हार मानणार नाहीत. आप्पांची भाची तेवढी मानेल.”

अविराजनं आधार म्हणून ओट्याकडं पाहिलं. ओट्यावर कौसल्याबाई छकुलीची वेणी घालत होत्या. पोर सांभाळायला आई तयार नसेल तर हे सगळं आपोआप थांबेल, हा त्याचा शेवटचा भरवसा होता. त्यानं विचारलं, आई, छकुलीला रोज कोण बघणार?

कौसल्याबाई म्हणाल्या, मी. पण फुकट नाही. सुनेला पगार आहे तर मलाही पाहिजे. दर महिन्याला पंधराशे, सुनेच्या पगारातून, माझ्या खात्यावर. आणि सुनेचा मेसेज सुनेच्या फोनवर. आठ दिवस त्यांनी याचाच विचार केलेला दिसत होता.

अविराजला यातही एक वाट दिसली. त्यानं तिथंच दीप्तीला फोन लावला, की आईला दिलेले पैसे दुकानाच्या खर्चात धरता येतील का. दीप्ती म्हणाली, नाही. पोर सांभाळणं हे घरगुती काम, धंद्याचा खर्च नव्हे.

कौसल्याबाईंनी फोन त्याच्या हातातून घेतला.

“का वो बाई? पोतं उचलल्यालं धरत्यात, आन् पोर उचलल्यालं न्हाय?”

दीप्ती कायदा जाणणारी होती, म्हणून तिनं वाद घातला नाही. तिनं एवढंच म्हटलं की आजी, तुमचं बरोबर आहे, पण तसा रकाना नाही.

“नसू दे,” कौसल्याबाई म्हणाल्या आणि फोन परत दिला. अविराज गाडीत बसला. शेजारच्या सीटवर ठेवलेल्या बिलांच्या फायली त्यानं उचलल्या, मागं टाकल्या आणि दार आतून उघडलं.

त्या संध्याकाळी स्वरूपा परत आली तेव्हा तिच्या डब्याच्या पिशवीत तिसरा हार होता. तिनं स्टुलावर चढून तो स्वतःच काढला होता. रामहरीनं स्टूल धरलं होतं. याचं काय करायचं ते मात्र तिला कळत नव्हतं. देवाला घालवेना, टाकवेना, छकुली तो खेळायला मागत होती.

कौसल्याबाईंनी हार हातात घेतला, नाकाशी नेला.

“वास हाय अजून,” त्या म्हणाल्या. “ठिव वर. माज्या कामाला यील.”

“आई, असं काय बोलता.”

“घाई न्हाय गं,” कौसल्याबाई म्हणाल्या. “पैला पगार हुयाचा हाय माजा.”